लाकडाच्या भुशाचा वायू : चुलीपर्यंत की चुलीतच?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या बँकेचे एक जुने ग्राहक मला घरी भेटावयास आले. रत्नागिरी जिल्ह्यात त्यांची लाकूड कापण्याची गिरणी आहे. वडिलांच्या काळात ती हापूसच्या पेट्यांवर चालत असे. पुठ्ठ्याचे खोके आले, पेट्यांचे काम घटले, आणि आता दारे, चौकटी व फर्निचरचे लाकूड यांवर गिरणीचा चरितार्थ चालतो. त्यांच्या हातात एक नीटनेटका प्रकल्प अहवाल होता. गिरणीत साचणारा भुसा, ढलप्या आणि निरुपयोगी तुकडे यांपासून ज्वालाग्राही वायू तयार करावयाचा आणि तो नळाने वाडीतील ३५ घरांच्या स्वयंपाकघरांत पोचवावयाचा, अशी ती योजना होती. ते म्हणाले, "साहेब, वाडीतल्या बायका सिलिंडर असूनही अजून डोंगरातून फाटी आणतात, आणि माझ्या दारात एवढा भुसा कुजतोय. बँक कर्ज देईल का?"

मी सेवानिवृत्त आहे. कर्ज मंजूर करण्याचा अधिकार आता माझ्याकडे नाही. परंतु त्यांना माझे मत हवे होते. ते मत असे, की भुशाचा वायू अवश्य करावा, पण तो नळाने घरोघर नेऊ नये. तो चुलीतच तयार व्हावा आणि तेथेच जळून जावा. आणि बँकांना या कामात भांडवल गुंतवावयाचे असेल, तर ते चुलीत गुंतविण्याआधी इंधनात गुंतवावे. हे मत माझ्या नोकरीतील काही अनुभवांवरून आणि काही चुकांवरून बनले आहे. ते या पानांवर मांडण्याचे कारण एवढेच, की असे प्रस्ताव आपल्या शाखांकडे पुढेही येत राहतील.

वायू चुलीत तयार होतो हे वाक्य काहींना विचित्र वाटेल. परंतु साठीच्या पुढील अनेक वाचकांनी हा प्रकार स्वतःच्या घरात पाहिलेला आहे. ती भुशाची शेगडी! पत्र्याचा एक उभा डबा, तळाशी बाजूला एक भोक. डब्याच्या मध्यभागी रिकामी बाटली उभी करावयाची, भोकातून एक दांडा आडवा सरकवून तिच्या बुडाला भिडवावयाचा आणि भोवताली भुसा ठासून ठासून भरावयाचा. मग दांडा आणि बाटली हलक्या हाताने फिरवीत काढून घ्यावयाची. मागे राहिलेल्या पोकळीत खालून एक काडी पेटवून सरकविली, की शेगडी दोन-तीन तास निवांत जळत असे. वखारीतून भुशाचे पोते सायकलवर घालून आणण्याचे काम माझ्याकडे होते. पोते ओलसर निघाले किंवा बाटली काढताना भुसा ढासळला, तर आईची सकाळ बिघडत असे आणि बोलणी मला बसत. त्या डब्यात प्रत्यक्षात काय चालले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

लाकूड जळते असे आपण म्हणतो. वस्तुतः ज्वाला दिसते ती लाकडातून बाहेर पडणाऱ्या वायूंची. लाकूड तापले, की आधी त्यातील पाणी निघून जाते. मग साधारण अडीचशे ते पाचशे अंश सेल्सिअसच्या दरम्यान लाकडाचे विघटन होऊन ज्वलनशील वायू आणि वाफा निघतात व मागे कोळसा उरतो. या वायूंना योग्य जागी पुरेशी हवा मिळाली तर ते स्वच्छ जळतात. न मिळाली तर तोच धूर होतो. म्हणजे चुलीच्या धुरात घरातील बाईच्या डोळ्यांत आणि फुप्फुसांत जाते ते न जळलेले इंधनच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील अशा धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख अकाली मृत्यू झाले. भुशाच्या शेगडीत कडेचा भुसा वायू सोडी आणि मधल्या पोकळीतील हवेत तो जळे. ओबडधोबड का असेना, ते वायूकरणच होते.

कारखान्यात हीच क्रिया बंद भट्टीत करतात. हवा मुद्दाम अपुरी देतात, म्हणजे लाकूड पूर्ण जळत नाही आणि तयार झालेला वायू बाहेर काढून घेता येतो. त्यास प्रोड्यूसर गॅस म्हणतात. त्यात सुमारे निम्मा नायट्रोजन असतो. उरलेल्यात १५ ते २० टक्के कार्बन मोनॉक्साइड, जवळजवळ तेवढाच हायड्रोजन, थोडा मिथेन आणि बाकी कार्बन डायऑक्साइड. एक किलो कोरड्या लाकडापासून दोन ते अडीच घनमीटर वायू मिळतो. मात्र त्याच्या एका घनमीटरात उष्णता हजार-बाराशे किलोकॅलरीच असते, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीच्या वायूच्या साधारण विसाव्या हिश्श्याएवढी. त्यामुळे तो सिलिंडरमध्ये भरून ठेवणे व्यवहार्य ठरत नाही. तयार होईल तसा तो वापरावा लागतो.

ही विद्या नवी नाही. फ्रान्समध्ये फिलिप लबाँ याने लाकडापासून काढलेल्या वायूवर दिवे लावण्याचे एकस्व १७९९ मध्ये घेतले होते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा युरोपात लाखो वाहने लाकडाच्या वायूवर धावली आणि आपल्याकडेही मागे कोळशाची भट्टी लावलेल्या बसगाड्या रस्त्यांवर दिसू लागल्या. आमचे एक चुलते अशा बसवर क्लीनर होते. पहाटे भट्टीचा हातपंखा फिरवून वायू धरेपर्यंत डोके असे काही दुखे, की पहिल्या फेरीत निम्मा रस्ता मान खाली घालून बसावे लागे, असे ते सांगत. ती डोकेदुखी कोळशाच्या धुराची आहे असा त्यांचा समज होता.

ती बहुधा कार्बन मोनॉक्साइडची होती. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून बसतो. श्वासाच्या हवेत त्याचे प्रमाण हजारात दोन-तीन भाग झाले तरी तासाभरात माणूस दगावू शकतो. प्रोड्यूसर गॅसमध्ये ते हजारात दीडशे ते दोनशे भाग असते.

हरियाणातील यमुनानगर येथे मी तीन वर्षे शाखाधिकारी होतो. प्लायवुडच्या उद्योगाचे ते मोठे केंद्र आहे. भोवतालचे शेतकरी बांधावर आणि शेतात पॉप्लर लावतात, त्याचे ओंडके ट्रॉल्या भरभरून बाजारात येतात. तेथील एका जानेवारीत आमच्या शाखेजवळच्या एका वखारीतले दोन राखणदार कोळशाची अंगीठी खोलीत घेऊन, थंडी आत येऊ नये म्हणून दार-खिडकी बंद करून झोपले. सकाळी दार फोडावे लागले. त्यांपैकी एकाचे बचत खाते आमच्याकडे होते आणि त्याच्या वारसाचे कागदपत्र मीच पूर्ण केले. उत्तर भारतातील वर्तमानपत्रांत दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. पण आपण पासबुक हातात दिलेल्या माणसाची बातमी वेगळी वाचली जाते. त्याच वर्षी एका कारखानदाराने कामगार वस्तीला नळाने लाकडाचा वायू देण्याचा प्रस्ताव आणला होता. तो मी परत केला. कागदावर कारण लिहिले 'तांत्रिक व्यवहार्यता अपुरी'. खरे कारण ती खोली होती.

केवळ भीतीपोटी घेतलेला निर्णय म्हणून मी त्याकडे नंतर पुष्कळदा संशयाने पाहिले. दगडी कोळशाच्या वायूतही कार्बन मोनॉक्साइड असे, आणि तो वायू लंडन, कोलकाता, मुंबई अशा शहरांत वर्षानुवर्षे नळांतून फिरला. लालबागची गॅस कंपनी जुन्या मुंबईकरांना आठवत असेल. पण त्यामागे प्रशिक्षित कर्मचारी, रात्रंदिवस देखरेख आणि गळती शोधणारी यंत्रणा होती. ३५ घरांच्या वाडीत हे कोण करणार? शिवाय वायू थंड करून नळात सोडला, की त्यातील डांबर नळाच्या आत चिकटून बसते. चीनमध्ये १९९०च्या दशकापासून शेतातील काडापासून असा वायू करून गावातील घरांना नळाने पुरविणारी केंद्रे शेकड्यांनी निघाली. शान्तुंग प्रांत त्यात पुढे होता. अनेक ठिकाणी डांबराने आणि देखभालीच्या खर्चाने ती बंद पडली. डांबर धुऊन काढावे तर ते घाण पाणी ओढ्यात जाते.

याचा अर्थ गॅसिफायर वाईट असा मुळीच नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस कर्नाटकातील होसहळ्ळी या लहानशा गावात लाकडाच्या वायूवर वीज निर्माण करून दाखविली. सुंदरबनातील गोसाबा बेटावर १९९७ मध्ये ५०० किलोवॉटचे केंद्र उभे राहिले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाच्या पाचटावर आणि चिपाडावर चालणारा गॅसिफायर औद्योगिक उष्णतेसाठी विकसित केला. या सर्व ठिकाणी वायू एका जागी, जाणकार माणसाच्या नजरेखाली, इंजिनात किंवा भट्टीत जळतो. झोपलेल्या माणसांच्या घरातून तो वाहत नाही.

घरासाठी योग्य मार्ग तो, जो भुशाच्या शेगडीने अजाणता दाखविला होता. आजच्या वायुजनक चुलीत इंधन वरून पेटवितात. थोडी हवा खालून येते, त्यामुळे इंधनाचा वायू होत जातो. भांड्याच्या खाली छिद्रांतून आणखी हवा मिळते, तेथे तो निळसर ज्योतीने जळतो. मध्ये नळ नाही, साठा नाही, तोटी नाही. साध्या चुलीत लाकडातील उष्णतेचा साधारण दहावा हिस्सा भांड्याला मिळतो, या चुलीत तिसऱ्या हिश्श्यापर्यंत मिळू शकतो. काही प्रकारांत शेवटी कोळसा शिल्लक राहतो. पश्चिम बंगालमधील देगंगा भागात अशा चुलींचा हा कोळसा गृहिणींकडून विकत घेण्याची व्यवस्था झाली आणि चूल वापरण्याचे तेही एक कारण ठरले. मात्र धगधगता कोळसा असलेली चूल बंद खोलीत नेऊ नये, ही सूचना तिच्यावर ठळक अक्षरांत छापावी असे मला वाटते.

मग अशा चुली घरोघर का दिसत नाहीत? येथे आपल्या व्यवसायाचा प्रश्न सुरू होतो. भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधनातून निघालेली, लहान पंख्याची, पेलेटवर चालणारी 'ऊर्जा' नावाची चूल २००६ पासून बीपी या कंपनीने आणि तिच्या मागून पुण्याच्या फर्स्ट एनर्जीने महाराष्ट्र, कर्नाटक आदी राज्यांत विकली. चार लाखांहून अधिक चुली खपल्या. अशा प्रकारच्या चुलींची एवढी मोठी व्यापारी विक्री अन्यत्र झाली नव्हती. पुढे महाराष्ट्र व कर्नाटकातील ९९८ कुटुंबांची पाहणी झाली, तेव्हा चूल घेतलेल्यांपैकी केवळ ९ टक्के ती वापरीत असल्याचे आढळले. चूल मुख्यतः मागे पडली ती इंधनापायी. शेतातील टाकाऊ माल स्वस्तात गोळा करून, परवडणाऱ्या दरात पेलेट घरापर्यंत पोचविण्याची साखळी टिकली नाही. आणखी एक गोष्ट त्या पाहणीत दिसली. धुराच्या आणि आरोग्याच्या प्रचाराने खरेदीवर फारसा परिणाम केला नव्हता; चूल अधिक घेतली ती आधीपासून गॅस वापरणाऱ्यांनी, कारण त्यात पैसे वाचत होते. आपण शिबिरांतून आरोग्याची भाषणे करतो आणि समोरची बाई मनात हिशेब करीत असते. तिचे काही चुकत नाही.

अशाच धर्तीची, दुसऱ्या एका कारखान्याची चूल माझ्याही घरी होती. एवढेच नव्हे, तर तशा चुलींसाठी बचत गटांना कर्जे द्यावीत म्हणून मी आग्रह धरला होता आणि ती दिलीही होती. हप्ते वेळेवर आले, शाखेचे कौतुक झाले. दीड वर्षाने पेलेटची गाडी येईनाशी झाली. आमची चूल माळ्यावर गेली. गटातील महिलांच्या चुली कोठे गेल्या हे विचारण्याचे धैर्य मला लगेच झाले नाही. कर्ज वसूल झाले म्हणजे योजना यशस्वी झाली, असे आपल्या विवरणपत्रांत दिसते. त्या विवरणपत्रात माळ्यासाठी रकाना नसतो.

हिशेब सोपा आहे आणि तो प्रत्येक शाखेत मांडता येईल. एक किलो एलपीजीत सुमारे १०,९०० किलोकॅलरी असतात. शेगडीची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर भांड्याला सुमारे ७,१०० मिळतात. एक किलो चांगल्या पेलेटमध्ये ४,००० किलोकॅलरी आणि चुलीची कार्यक्षमता ३५ टक्के, म्हणजे भांड्याला १,४००. तेव्हा एक किलो एलपीजीचे काम करावयास पाच किलो पेलेट लागतात आणि १४.२ किलोच्या एका सिलिंडरला सुमारे ७२ किलो. सिलिंडरच्या किमतीला ७२ने भागा. जो आकडा येईल त्याहून महाग पेलेट कोणीही फार काळ घेणार नाही. सिलिंडर ९०० रुपयांस असेल तर ही मर्यादा किलोस साडेबारा रुपये. उज्ज्वला योजनेतील ग्राहकास ३०० रुपयांचे अनुदान मिळत असेल तर ती सव्वाआठ रुपयांवर येते. त्यात पेटविण्याची खटपट, पोते आणण्याचे कष्ट आणि पावसातला ओलावा यांचे मोल अजून धरलेले नाही.

आणि हा दर साधणे कठीण, कारण टाकाऊ म्हणून जे आपण समजतो ते बहुतेकदा टाकाऊ नसते. यमुनानगरात मी पाहिले, की ओंडक्याचा कोणताही भाग वाया जात नव्हता. साली आणि तुकडे कारखान्याच्याच बॉयलरमध्ये जात, भुसा वीटभट्टीला, कोंबड्यांच्या खुराड्यांना, पार्टिकल बोर्डाला जाई. महाराष्ट्रात शेतातील अवशेषांच्या आणि भुशाच्या ब्रिकेटला 'पांढरा कोळसा' हे नाव पडले, यातच त्याला गिऱ्हाईक असल्याची कबुली आहे. त्यात ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक वीज केंद्रांना कोळशाबरोबर काही टक्के जैवइंधनाचे पेलेट जाळणे बंधनकारक केले. काडी-कचरा शेतात जाळला जाऊ नये हा त्यामागील हेतू चांगलाच आहे. परंतु आता वाडीतल्या चुलीला वीज केंद्राशी स्पर्धा करावी लागते, आणि त्या स्पर्धेत चूल हरणार हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला मान्य आहे. सर्वांना एलपीजी मिळणे हाच सर्वांत स्वच्छ उपाय आहे, मग ही उठाठेव कशाला? २०११च्या जनगणनेत ४९ टक्के कुटुंबे लाकडावर स्वयंपाक करीत होती. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून पुढे दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. हे काम मोठे आहे. परंतु २०२३-२४ मध्ये या ग्राहकांनी वर्षाकाठी सरासरी चारच्या आसपास सिलिंडर घेतले. तेवढ्यावर पाच माणसांचा वर्षाचा स्वयंपाक होत नाही. उरलेला कशावर होतो ते वाडीतल्या फाटीवरून समजते. आंघोळीचे पाणी, भात उकडणे, गुरांचे आंबोण हे अजून लाकडावर आहे. वायुजनक चुलीची खरी जागा ही आहे. सिलिंडर राहू द्यावा. त्याच्या शेजारची धुराची चूल जावी.

म्हणून आपल्या तरुण अधिकाऱ्यांना माझे सांगणे असे, की चुलीच्या कर्जाचा अर्ज आला तर आधी इंधन कोण देणार, कोणत्या दराने आणि श्रावणात कोठून, हे विचारावे. जेथे घराच्या आवारातच करवंट्या, सुपारीची सोले, छाटणीच्या काटक्या मिळतात, तेथे चुलीचे कर्ज निःशंक द्यावे. जेथे इंधन विकत घ्यावयाचे आहे, तेथे आधी इंधन करणाऱ्याला उभे करावे. सुकविण्याची शेड, तुकडे करण्याचे यंत्र, पेलेटची गिरणी यांना मुदत कर्ज, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे खेळते भांडवल. कच्चा माल चार महिन्यांत स्वस्त मिळतो आणि वर्षभर पुरवावा लागतो. त्या साठ्याची रक्कम अडकून पडते, आणि तेथेच बहुतेक उद्योजक बुडतात. भुशाच्या ढिगाला तारण म्हणून आपण नाके मुरडतो. तो भिजतो, पेट घेतो, त्याचे मोल ठरत नाही, हे खरेच आहे. पण कोरडा, पोत्यात भरलेला, विमा उतरविलेला पेलेटचा साठा हा कापसाच्या गठड्यांहून मुळात वेगळा नाही, आणि गठड्यांवर आपण पिढ्यान्‌पिढ्या कर्ज देत आलो आहोत. ग्राहक मात्र आधी मोठे धरावेत: ढाबे, फरसाणवाले, वसतिगृहे, आचारी. त्यांना अनुदानित सिलिंडर मिळत नाही, त्यामुळे त्यांना पेलेट परवडतात. 'ऊर्जा'च्या बाबतीतही घरांपेक्षा असाच व्यापारी ग्राहक पुढे टिकला. त्यांच्या मागणीवर गिरणी चालली, तर त्याच गाडीतून वाडीला चार पोती जाऊ शकतात.

रत्नागिरीच्या ग्राहकांना मी हे सारे इतक्या विस्ताराने सांगितले नाही. त्यांच्या भुशाबद्दल विचारले. ओल्या ओंडक्यातून निघालेल्या भुशात निम्म्यापर्यंत पाणी असते, वायूकरणाला ते १५-२० टक्क्यांच्या आत हवे; आणि त्यांच्या गावी वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. शिवाय बारीक भुसा तसाच गॅसिफायरमध्ये घातला तर हवेची वाट बुजते, त्याचे आधी पेलेट किंवा ब्रिकेट करावे लागतात. अहवालात सुकविण्याचा खर्च कोठेच नव्हता. तो तयार करणाऱ्या सल्लागाराने नळाची लांबी मात्र फुटापर्यंत अचूक दिली होती.

ते थोडे हिरमुसले. मग नळाच्या पानावर आडवी रेघ मारून त्यांनी विचारले, की नुसत्या शेडला आणि एका लहान पेलेट यंत्राला किती लागतील. आम्ही पाठकोऱ्या कागदावर आकडेमोड करीत बसलो. शेड दिवाळीनंतर उभी राहिली असे त्यांच्या पत्रावरून कळले. यंत्राचा अर्ज शाखेत आहे. वाडीतील दहा घरांत आधी चुली देऊन एक पावसाळा पाहावयाचा, असे त्यांनी ठरविले आहे. त्यांच्या आईने मात्र यंत्राची वाट न पाहता जुना पत्र्याचा डबा शोधून काढला आणि शेडमधल्या कोरड्या भुशावर आंघोळीचे पाणी तापवावयास सुरुवात केली. बाटली कोणत्या आकाराची घ्यावी, एवढेच त्यांनी पत्रातून विचारले आहे.